टोपावर नाव कोरण्याचा उद्योग

सफारी सूट घालणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे माझं आता पक्कं मत झालेलं आहे. हे मत मला फुकट मिळालेलं नाही. त्यापायी आमचा थोरला गेला.

घाबरू नका. थोरला म्हणजे आमच्या दुकानातला सगळ्यात मोठा पितळी टोप. शहापुरात बाजारपेठेच्या मागच्या आळीत आमचं भाड्याने भांडी देण्याचं दुकान आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, दहावं, माणूस येवो की जावो, जेवणावळ चुकत नाही, तेव्हा धंदा तसा बरा. थोरल्यात भात शिजला की अख्खा पाडा जेवून उठायचा आणि तळाशी खरवड उरायची. दोन गडी लागायचे त्याला उचलायला. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवायच्या आधी विचारायचं, "थोरला मोकळा हाय ना?" मुहूर्त भटजी काढायचे, पण तो पक्का करायचा आमचा थोरला.

तर एके दिवशी सफारी सूटवाला आला. कपाळाला गंध, हातात लग्नपत्रिका, तिच्यावर सोनेरी गणपती. भाचीचं लग्न आहे म्हणाला, मुरबाडला, मंगल कार्यालयात. नम्रताने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, त्याला चहा दिला. एक घोट घेऊन त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "वहिनी, असा चहा आमच्या मुरबाडात मिळत नाय." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्या चहाबद्दल एक शब्द काढलेला नाही. साहजिकच नम्रताने त्याला दुसरा कप दिला आणि मी त्याला थोरला दिला. वर मोठी परात, हंडा, झारे, डाव, सगळं टेम्पोत चढवून दिलं. "जेवायला यायचंच हं, शेठ," असं बजावून तो गेला. शेठ म्हणाला! मी आहेराचं पाकीटसुद्धा आणून ठेवलं होतं.

दोन दिवसांत परत यायची भांडी आठवडा झाला तरी आली नाहीत. मी रोज रस्त्याकडे डोळे लावून बसायचो. शेवटी तांदूळ निवडता निवडता नम्रता म्हणाली, "अहो, पण पौषात कोण लग्न करतं?"

बघा! शेंबड्या पोराला कळावी अशी गोष्ट. पौषात आमच्याकडे मुलगी बघायलासुद्धा कोणी बाहेर पडत नाही. मी पत्रिका काढली. तिथीबिथी काही नव्हतीच, नुसती इंग्रजी तारीख. एवढा सोनेरी गणपती समोर असताना तारखेकडे कोण बघतो? तसाच उठलो, मुरबाडची एस्टी पकडली, पत्ता शोधत गेलो. तिथे खताचं दुकान होतं.

"मंगल कार्यालय?" दुकानदाराने पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. "हितं युरिया मिळतो."

परत येऊन चौकीत गेलो. हवालदार भला माणूस होता. त्याने बसायला बाकडं दिलं आणि विचारलं, "टोपाचं वर्णन सांगा."

"गोल आहे," मी म्हणालो.

"रंग?"

"पितळी."

"ओळखीची खूण?"

"उजव्या कडीखाली पोचा आहे. माझ्या मेहुण्याने ओट्यावरून पाडला होता. बरोबर बेंबीसारखा दिसतो."

हवालदाराने लिहिणं थांबवलं. "साहेब, पोचा नाय असा टोप दाखवा मला उभ्या तालुक्यात. नावबिव घातलंय का त्याच्यावर?"

"नाही."

"मग उद्या मी टोप पकडला, आणि तो म्हणाला माझा, तर तुमचा कशावरून?" असं म्हणून त्याने कागद बाजूला ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. बोलणं बिनतोड होतं. मला बापाचं नाव लावायला कागद लागतो, मग टोपाला माझं नाव लावायला काहीतरी लागणारच. मी मान खाली घालून घरी आलो.

माघ तोंडावर आला होता. थोरल्याशिवाय लगीनसराई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. नम्रता एक दिवस आत गेली, हातातल्या पाटल्या काढून आणल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. तिच्या आईने दिलेल्या पाटल्या होत्या त्या. "मोडा," म्हणाली. "नवा टोप आणा. पण एक सांगून ठेवते, हा टोप गेला तर दुकानाला कुलूप. आणि मी काही माहेरी जायची नाही, तुम्हाला पाठवीन." नवा टोप आला. थोरल्यापेक्षा मोठा, चकचकीत, तोंड पाहून भांग पाडावा असा. त्याच्याबरोबर नवी परात, हंडा, बादली आणि घंगाळ. मी रोज सकाळी त्या टोपाकडे बघायचो आणि मला त्यात नम्रताचे मोकळे हात दिसायचे. म्हणून ठरवलं, आता धंद्याला बंदोबस्त. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच, पण दुसरा बैल गोठ्यात होता ना!

आता शहापुरात तुम्ही एकदा "बंदोबस्त" हा शब्द उच्चारा, मग बघा. शेजारचा कान्हा भोईर रोज मुंबईला अप-डाऊन करतो, त्यामुळे जगातल्या सगळ्या लबाड्यांची माहिती त्याच्याकडे असते. तो म्हणाला, "सिस्टीम पायजे तुला, सिस्टीम. गिऱ्हाइकाचा फोटो काढून ठेव. एकदम टाइट." मी मेहुण्याचा कॅमेरा आणला. पहिलं गिऱ्हाईक आटगावचं. फोटो काढायचाय म्हटल्यावर तो माणूस म्हणाला, थांबा, आणि संध्याकाळी जरीची टोपी घालून बायको, आई, तीन बहिणी आणि पाळण्यातलं बाळ घेऊन आला. एका घराण्यातच रोल संपला. वर आठ दिवसांनी येऊन विचारतो, "शेट, आमच्या कॉप्या धुवून आल्या का?"

मग कान्हा म्हणाला, डिपॉझिट घे. रोख नसेल तर वस्तू ठेवून घे. उंबरमाळीकडच्या एका गृहस्थाने मोठ्या विश्वासाने आपली बकरी आणून ठेवली. मी ती ओट्याला बांधली. त्याच ओट्यावर कान्हा सकाळी चपलेचा अंगठा नीट करायला टेकला आणि खिशातला रेल्वेचा पास बाजूला ठेवला. तो पास बकरीने खाल्ला. प्लॅस्टिकच्या कव्हरासकट. त्या दिवसापासून कान्हा डिपॉझिट या विषयावर बोलत नाही.

समोरच्या रेश्मावहिनींनी मात्र लाख मोलाचा सल्ला दिला. त्या म्हणाल्या, "भावजी, हमी घ्यायची तर नवरीच्या मामाची घ्या. लग्नात एक वेळ बाप पळेल, पण मामा पळू शकत नाय. मामा पळाला तर नवरीला मांडवात आणायचं कोणी?" मला हे एकदम पटलं. सफारीवाल्याला मी नवरीच्या मामाचं नाव विचारलं असतं तर तिथेच त्याची बोबडी वळली असती. पण तो स्वतःच मामा होता म्हणा, भाचीचं लग्न म्हणाला होता. असो. नियम केला: आधी मामा, मग टोप.

आणि शेवटचा, अगदी चौकीने सुचवलेला उपाय म्हणजे नाव.

भांड्यांवर नाव घालणारा हनुमान बाजाराच्या तोंडाशी पोतं अंथरून बसतो. हातोडी, छिन्नी आणि तोंडात पान. त्याने आयुष्यभर एकच काम केलं, लोकांच्या आहेराच्या भांड्यांवर नावं कोरली. तालुक्यातल्या कुठल्याही घरात पाणी मागा, पेल्यावर हनुमानाचं अक्षर असणार. मी त्याला मजकूर सांगितला, "निचिते यांची भाड्याची भांडी, शहापूर. परत करावीत."

हनुमानाने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "एवढं लिवायला लागलो तर टोप फुटंल."

नम्रता बरोबर होती. ती म्हणाली, "आणि 'भाड्याची' कशाला? चारचौघांत जेवायला बसलेल्या माणसाने तेच वाचायचं का? लोकांना लाज वाटते. नावच घाला नुसतं." मलाही ते पटलं. पितळेवर 'भाड्याची' हा शब्द खरोखरच वाईट दिसतो. मी म्हणालो, "बरं, नुसतं ज्ञानेश्वर निचिते."

"एकट्या पुरुषाचं नाव भांड्यावर शोभत नाय, शेट," हनुमान म्हणाला. "बायको मागं नसल्यावानी वाटतं. जोडीनं घाला."

नम्रताने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पाटल्या कोणाच्या ते मला आठवलं. तेव्हा पाचही पितळी भांड्यांवर, 'सौ. नम्रता व श्री. ज्ञानेश्वर निचिते, शहापूर' असं सुरेख अक्षरात नाव पडलं. वरून हनुमानाने आपल्या खुशीने भोवती वेल काढली आणि दोन बाजूंना दोन फुलं. "असं काम मी फक्त घरच्या मानसासाठी करतो," म्हणाला. काम इतकं देखणं झालं होतं की आम्ही दोघं थोडा वेळ नुसते टोपाकडे बघत उभे राहिलो. हे असं नाव आपण आजवर नेमकं कुठे पाहिलंय, हा विचार माझ्या मनात आला नाही. यायला हवा होता.

फाल्गुनात डोळखांबच्या वरच्या पाड्यातला बुधू आला. काटक माणूस, डोक्याला टॉवेल, बोलताना समोरच्याच्या पायाकडे बघायचा. मुलीचं, राहीचं लग्न होतं. नवरा मुरबाडकडचा, सरळगावच्या पुढचा. मी आधी मुहूर्त विचारला. त्याने तिथी नीट सांगितली. मग दरडावून विचारलं, "मुलीचा मामा कोण?"

बुधूने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला. म्हणाला, "मामा नाय, शेट. तिच्या आयचा येकच भाव होता. झाडावरून पडला, गेला."

माझा नियम माझ्याच घशात अडकला. मी उगाच खाकरलो. नंतर मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "राहू दे, राहू दे. डिपॉझिटही राहू दे. भांडी घेऊन जा." नम्रताने आतून चहा पाठवला. बुधूने चहा प्यायला, चहाबद्दल अक्षरही बोलला नाही. म्हणजे माणूस सरळ असणार.

पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. टेम्पो गेला आणि मी ओट्यावर येरझारा घालू लागलो. मामा नाही म्हणतो, हे खरं कशावरून? पाटल्या डोंगरात गेल्या होत्या. लग्नाच्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, जावं आणि लांबून एक नजर टाकून यावं. कान्हाला सुट्टी होती, तो म्हणाला, मीपण येतो, साक्षीदार लागेल. उगाच संशय नको म्हणून मी नवी टोपी घातली, पांढरा सदरा घातला. डोळखांबपर्यंत जीप, पुढे पायवाट. पाड्याच्या अलीकडे एका मोहाच्या झाडामागे उभं राहून आम्ही मांडवाकडे पाहिलं.

मांडव खरा होता. नवरी खरी होती. लाउडस्पीकर तर फारच खरा होता. माझा जीव भांड्यात पडला. पण भांडं कुठे होतं? चुलीवर दुसरेच टोप दिसत होते, काळे, लहान-मोठे, शेजाऱ्यांकडून गोळा केलेले.

"गेला," कान्हा माझ्या कानाशी म्हणाला. "विकला."

तेवढ्यात मांडवाच्या मधोमध मला तो दिसला. माझा टोप! पाटावर ठेवलेला, हळदीकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूची माळ. शेजारी परात, हंडा, बादली, घंगाळ. आणि माईक हातात घेतलेला एक तरणा गडी टोपापाशी वाकून एकेक अक्षर वाचत होता:

"शहापूरच्या सौभाग्यवती नम्रता आनि श्रीयुत ज्ञानेश्वर निचिते यांच्याकडनं नवरीला आहेर! येक टोप! येक परात! येक हंडा! येक बादली! येक घंगाळ! पाची भांडी भरून आहेर! टाळ्या!"

टाळ्या डोंगरावर आपटून परत आल्या.

तेव्हा मला आठवलं, हे असं नाव आपण कुठे पाहिलंय. आमच्या स्वतःच्या लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर! जोडीचं नाव, वेल, दोन फुलं. अहो, मुलीला पितळेची पाच भांडी देणारा माणूस आमच्या भागात एकच असतो. तिचा मामा.

मी झाडामागे आणखी आत सरकलो. पण टोपी पांढरी होती. कुणीतरी ओरडलं, "शेट आलं! शेट सोता आलं!" आणि बुधू पळत आला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या पायाकडे न बघता तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शेट, मी मेला खुळा," तो म्हणाला. "तुमी मामा इचारला, मी म्हनलं हे कशाला इचारत्यात. डिपाझिट घेतलं नाय, मी म्हनलं इसरलं असतील. भांडी सोडली, तर बायकांनी नाव वाचलं. तवा उमगलं. मी भाड्यानं मागितला नि तुमी माज्या लेकीला देऊन टाकला. नि वर ऊनात चालत आलात."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "बुधू, ते नाव..." एवढं म्हणालोसुद्धा. इतक्यात नवरीची आई पुढे आली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "भाव गेल्यापासनं माजं म्हायेर बंद झालं होतं." बस्स, एवढंच म्हणाली. आता सांगा, यावर "बाई, तो टोप भाड्याचा आहे" असं म्हणणारा माणूस शहापूर तालुक्यात तरी जन्मायचाय. मी तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आणि तरी खरं सांगू? छाती कुठेतरी टीचभर फुगलीही होती. कोणाचा मामा व्हायचा मान आजवर मला मिळाला नव्हता. मेहुणा आहे, बहीण नाही.

पुढचं सगळं मामाला करावं लागतं ते मी केलं. राहीला हाताला धरून मांडवात आणलं. अक्षता पडेपर्यंत तिच्या मागे उभा राहिलो. कान्हालाही मामाचा दोस्त म्हणून टॉवेल-टोपी मिळाली, तो जेवताना म्हणाला, "सिस्टीम चांगली हाय इकडची." वरात निघाली तेव्हा वराकडच्या लोकांनी पाची भांडी टेम्पोत चढवली आणि मलाही चढवलं. मामाने भाचीला सासरपर्यंत पोचवायचं असतं म्हणे. मी नाही म्हणालो नाही. टोपाच्या शेजारी बसलो, त्याच्या कडीत हात अडकवून. म्हटलं, निदान शेवटचा प्रवास बरोबर करावा. खड्डा आला की टोप घण्ण वाजायचा आणि मला नम्रताचं तोंड दिसायचं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या घरी जेवण होतं. राहीचा सासरा धाकलू मोठा बोलका माणूस. माझ्या खांद्यावर हात टाकून मला घर, गोठा, भाताची कणगी दाखवत होता. माझं अर्धं लक्ष होतं. इवाय, म्हणजे व्याही, म्हणून हसायचं काम चालू होतं. मागच्या अंगणात गेलो तर तीन दगडांवर एक प्रचंड टोप चढवलेला, आत वाटाण्याची आमटी रटरटत होती. उजव्या कडीखाली पोचा. बरोबर बेंबीसारखा.

"थोरल्या!" मी एवढ्या जोरात ओरडलो की आचाऱ्याच्या हातातला डाव आमटीत पडला.

धाकलू घाबरला. "काय झालं, मामा?"

मग मी सांगितलं. थांबता येईना. सफारी सूट, पौष, युरिया, चौकी, मेहुणा, सगळं सांगितलं. माणसं जमली. धाकलूच्या कपाळाला आठी पडली. "सफारीवालाच होता तो," तो म्हणाला. "सरळगावच्या बाजारात आलेला. म्हनला, माजं हाटेल बुडालं, पोरीच्या लग्नासाठी टोप इकतो. मला दया आली, घेतला." नंतर त्याने टोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आमटी संपली की घेऊन जा."

मला खरंच वाटेना. "पण धाकलूशेठ, माझ्याकडे पुरावा काही नाही. नावबिव नाही त्याच्यावर."

"नाव कशाला पायजे?" धाकलू म्हणाला. "मामा इवायाच्या अंगणात उभा राहून खोटं बोलतो का? आनि आमच्या घरात तुमचा नवा टोप आलाच हाय की. तुमचा जुना तुमी न्या."

मी खाली बसलो. बघा काय गंमत आहे. ज्या टोपावर माझं नाव होतं, तो त्या नावापायीच गेला. ज्यावर काहीच नव्हतं, तो माझा म्हणून चार माणसांनी उचलून दिला. चौकीत बाकड्यावर बसून जे सिद्ध झालं नव्हतं, ते इथे आमटी संपायच्या आत झालं.

थोरल्याला घेऊन घरी आलो. नम्रता दारातच उभी होती. तिने आधी थोरला पाहिला, मग त्याच्या मागे आणखी काही येतंय का ते पाहिलं. काही आलं नाही. मी सगळं सांगितलं, शेवटपर्यंत, मान खाली घालून. म्हटलं, आता पिशवी भरून मेहुण्याकडे जायची तयारी करावी.

तिने पदराने थोरल्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "लाउडस्पीकरवर माझं नाव आधी घेतलं?"

"आधी."

"सौभाग्यवती म्हणाला?"

"पूर्ण. डोंगरात घुमलं."

ती रिकाम्या मनगटांवरून हात फिरवत राहिली. "नवरी कशी होती हो दिसायला?" एवढंच विचारलं आणि चहा टाकायला आत गेली. चहा चांगला झाला होता. मी तसं म्हणालो. पहिल्यांदाच. ती म्हणाली, "डोंगरात ऊन लागलं वाटतं."

टोप सापडल्याचं कळवायला मी प्रामाणिकपणे चौकीतही गेलो. हवालदाराने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, हरवल्याची नोंद नाय, तर सापडल्याची कशी करू?" हेही बिनतोड होतं.

आता खरं म्हणजे इथे गोष्ट संपावी. थोरला आला, सराई तरली, कुलूप लागलं नाही. पण वैशाखात, सगळ्यात मोठी तीथ होती आणि एका दिवशी तीन लग्नांना मोठा टोप हवा होता, तेव्हा मी डोक्याला हात लावून ओट्यावर बसलो होतो. समोर जीप थांबली. राही उतरली, नव्या नवरीचं लुगडं, हातभर बांगड्या. नवऱ्याने मागून टोप उतरवला. आमचा नवा टोप! आमच्याच नावाचा. आत काठोकाठ करवंदं. मामाकडे जाताना रिकामं भांडं नेत नाहीत.

"मामा, टोप हितं ठेवते," राही म्हणाली. "लगीनसराईत तुमाला लागंल. आमाला वर्साला येकदा लागतो, सप्त्याला. तवा नेन."

मी म्हणालो, "अगं, तुला दिलेला आहेर आहे तो."

ती हसली. मग हळूच, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "मामा, मला माहीत होतं. भाड्याचाच होता. टेम्पोवाला सांगून गेला होता मला. पन बाबाचं तोंड बगितलं नि गप राहिली." आणि म्हणाली, "बाबाला नका सांगू."

नम्रता आतून आली होती. तिने राहीला जवळ घेतलं, ओटी भरली आणि आपल्या हाताने वेणी माळली. करवंदं परातीत काढली, टोपात तांदूळ भरून दिले. राहीने ते तांदूळ पोत्यात ओतून घेतले आणि रिकामा टोप तिथेच ठेवला.

तेव्हापासून आमच्या दुकानात दोन मोठे टोप आहेत. डिपॉझिट नाही, फोटो नाही, बकरी नाही. डोळखांबपासून सरळगावपर्यंत पाड्यापाड्यात मला मामा म्हणतात आणि मामाचं भांडं कोणी बुडवत नाही. सफारीवाला परत दिसला नाही. धाकलू मात्र दर बाजारी त्याची वाट बघतो, हातात काठी घेऊन, आणि ती काठी म्हशीसाठी नाही. हनुमान अधूनमधून छिन्नी घेऊन येतो आणि विचारतो, "थोरल्यावर घालायचं का नाव?" त्याला मी हाकलून देतो.

नवं गिऱ्हाईक आलं की वेल आणि फुलं न्याहाळतं, नाव मोठ्याने वाचतं आणि म्हणतं, "हा टोप तुमचाच ना, शेट?"

"नाव आमचं आहे," मी सांगतो. "टोप भाचीचा. जपून वापरा."